सामाईक टेम्प्लेट शाखांना ओव्हरराइड करू द्यावं का?

इतवारीकर: नागपुरातल्या एका शिक्षण संस्थेच्या सात साइट आम्ही सांभाळतो. साइट चालवायला वर्डप्रेस, पॅरेंट थीम म्हणजे मूळ साचा एकच, कॉलेजागणिक त्यावर बेतलेली चाइल्ड थीम. चाइल्डमध्ये त्याच नावाची हेडर फाइल, म्हणजे पानाच्या माथ्याचं टेम्प्लेट, टाकली की पॅरेंटची बाजूला पडते; हाच ओव्हरराइड. ही मुभाच बंद करावी, असं माझं मत. परवा मोबाइलवर मेन्यू उघडेना. पॅरेंटमध्ये दोन ओळी दुरुस्त केल्या, चार साइट सुधारल्या, तीन तशाच. तिथं कुणीतरी लोगो डावीकडं सरकवायला अख्खी फाइल कॉपी करून ठेवलेली. लोगोसाठी दीडशे ओळी!

गायत्रीनगर: राजेहो, यात ओव्हरराइडचा काऊन दोष? लोगो सीएसएसनं, म्हणजे मांडणीच्या एखाद्या नियमानं, सरकला असता. अन् हेडर एवढं अवजड ठेवलं कोणी? लोगो, मेन्यू, सूचनापट्टी वेगळ्या फाइलींत काढा. मग कॉपी झालीच तर वीस ओळींची.

इतवारीकर: वीस ओळीही शिळ्या होतातच. वूकॉमर्स, ते ऑनलाइन दुकानाचं प्लगइन, निदान सांगतं तरी: टेम्प्लेटवर आवृत्ती लिहिलेली असते, कॉपी जुनी पडली की स्टेटसच्या पानावर दिसते. आपल्या थीमला कोण सांगणार? हुक, म्हणजे आपला कोड जोडायची ठरलेली जागा, देतो, हवं ते त्यात टाका. फाइलीला हात नको.

धरमपेठी: हुक कुठं ठेवायचा हे पण तुम्हीच ठरवणार ना! प्रवेशाच्या दिवसांत आम्हाला सूचनापट्टी मेन्यूच्या वर पाहिजे होती, तुमच्यासारख्याच एका थीमवाल्याचा हुक मेन्यूच्या खाली. मेलचं उत्तर आलं तोवर प्रवेश आटोपले. पालकांचे फोन कोणाला आले? आम्हाला. पुढच्या वर्षी गुपचूप फाइल टाकली, संध्याकाळपर्यंत पट्टी वर.

गायत्रीनगर: एक पाहा, थीमचा कोड असलेली फंक्शन्सची फाइल अशी बदलली जात नाही. चाइल्डची आधी, पॅरेंटची नंतर, दोन्ही लोड होतात. आमच्या एका पोरानं तीही जशीच्या तशी कॉपी केली अन् साइट आडवी.

बर्डीवाला: तुम्ही फाइलींवरून भांडताय. 2022 मध्ये वर्डप्रेसच्या 5.9 आवृत्तीसोबत साइट एडिटर आला. ब्लॉक थीमवर, म्हणजे ब्लॉकांनी रचलेल्या थीमवर, एखाद्या बाबूनं त्यात टेम्प्लेट बदलून सेव्ह केलं की बदल डेटाबेसात जातो आणि फाइलवर भारी पडतो. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये काहीच दिसत नाही. आम्ही अर्धा दिवस कॅश, म्हणजे साठवलेली जुनी पानं, साफ करत बसलो होतो.

इतवारीकर: बाप्पा! म्हणजे मुभा बंद करूनही दार उघडंच. बरं, हेडरचे तीन तुकडे करतो, सूचनापट्टीचा तुकडा कॉलेजांना मोकळा. मेन्यूचा मात्र देणार नाही.

धरमपेठी: मेन्यूचं उद्या बोलू. पट्टी आधी द्या.