मदत हवी आहे : शकुंतला रेल्वेच्या स्टेशनावर शूटिंगची परवानगी कोण देते?

मंडळी, आम्ही दारव्ह्याकडची पोरं स्वतःच्या पैशातून एक सिनेमा करतोय. कापसाच्या जिनिंगची रोकड लुटून पळालेलं कोवळं जोडपं, मागे पोलीस, भोवती वेचणी झालेल्या पऱ्हाट्यांची (कपाशीच्या झाडांची) उघडी वावरं. गोष्ट काळी आहे, तशीच ठेवायची आहे. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिकच्या १९७३ च्या ‘बॅडलँड्स’ सिनेमात खून होत राहतात आणि मुलगी ते अगदी शांतपणे सांगत जाते, त्या शांतपणानंच अंगावर काटा येतो. आमची नायिकाही असंच सांगणार, पण वऱ्हाडीत.

अडलंय ते असं. शेवटची रात्र मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतलेच्या एखाद्या ओसाड स्टेशनावर घ्यायची आहे. मार्ग खासगी कंपनीचा, गाडी चालवायची मध्य रेल्वे. मग अर्ज कोणाकडे करायचा, भुसावळ विभागाकडे? कोणी केला असेल तर नक्की सांगा. नकली कट्टा घेऊन वावरात शूटिंग करायचं तर पोलीस ठाण्यात आधी लेखी काय द्यावं लागते?

आणि नायिकेसाठी अठरा पूर्ण झालेली, घरात वऱ्हाडीच बोलणारी मुलगी हवी. नाटकाचा अनुभव नसला तरी चालते. शिकवलेली वऱ्हाडी नको भाऊ, आपल्या माणसाला ते लगेच कळते. पऱ्हाट्या उपटायच्या आत सुरू करायचंय.