मुंबईत फुकट वायफाय वाढवावं की लोकांना शिकवावं?

चाळकरी: नाक्यानाक्यावर फुकट वायफाय द्या ही मागणी परत सुरू झालीय, माझा विरोध आहे. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० हॉटस्पॉट सुरू केले, १ मेपर्यंत १२०० करू म्हणाले. त्याआधी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं फुकट वायफाय आलं, वाढत वाढत ४०० स्टेशनांवर गेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलनेच सांगितलं की डेटा स्वस्त झालाय, आम्ही थांबतो. अडतंय दुसरीकडेच. लाडकी बहीणची ई-केवायसी आली तेव्हा आमच्याकडच्या बायकांच्या हातात फोन होता, नेट होतं, तरी सायबरवाल्याकडे लाइन, कारण आधारला कुठला नंबर जोडलाय, नवऱ्याचा ओटीपी कधी टाकायचा हे कोणी समजावलंच नव्हतं. पैसा शिकवण्यावर घाला.

खुली_खिडकी: डेटा स्वस्त हे २०२० मधलं झालं हो. जुलै २०२४ मध्ये जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीवाला प्लॅन २३९ वरून २९९ ला गेला, बाकीच्यांनीही दर वाढवले. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरात तीन फोन असतील तर तीन रिचार्ज, मग एकाच फोनवर रिचार्ज मारतात आणि पोरं आईची वाट बघत बसतात. आरटीईचा फॉर्म ऑनलाइन, अकरावीची अॅडमिशन ऑनलाइन, सगळं ऑनलाइन करायचं आणि नेट मात्र ज्याने त्याने विकत घ्यायचं? केरळ हायकोर्टाने २०१९ मध्येच इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानलाय, हॉस्टेलात मोबाईलवर बंधनं घातली म्हणून एक कॉलेजची मुलगी कोर्टात गेली होती.

चाळकरी: हक्क मान्य, पण नाक्यावर उभं राहून कोण फॉर्म भरतं? आणि त्या वायफायला लॉगिन करायलाही ओटीपी लागतो, म्हणजे ज्याचं सिम बंद पडलंय तो बाहेरच. द्यायचं तर पालिकेच्या अभ्यासिकेत द्या, जिथे टेबल आहे, पंखा आहे, पोरगी संध्याकाळी सेफ बसू शकते.

राउटर_राजा: दोघंही सरकारने सगळं उभारायचं असंच धरून चाललाय. केंद्राची सार्वजनिक वायफायची योजना पीएम-वाणी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, चहावाला, किराणावाला लायसन्स न घेता वायफाय देऊ शकतो, छोट्या रकमेचं कूपन घ्यायचं आणि वापरायचं. मुंबईत ते पसरलं नाही कारण लाइनच परवडत नव्हती, दुकानदाराकडून कंपन्या लीज्ड लाइनचे, म्हणजे मोठ्या ऑफिसांना देतात त्या खास लाइनचे महागडे दर मागायच्या. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मर्यादा घातली, २०० एमबीपीएस स्पीडपर्यंतच्या लाइनला घरगुती दराच्या दुपटीच्या वर घेता येणार नाही. आता पालिकेने वस्तीतल्या दुकानदाराला सुरुवातीचा खर्च द्यावा, बिघडलं तर तो स्वतः दुरुस्त करेल, त्याचा धंदा आहे तो.

शिकवणी_ताई: मी ज्येष्ठांना मोबाईल शिकवते. चाळकरी, तुमचं निम्मंच पटतं. एक दिवसाचं शिबिर, बॅनर, फोटो, समोसा, याने कोणी शिकत नाही. घरी जाऊन रोज हात चालवला तरच बसतं, आणि आजी म्हणतात नेट संपेल म्हणून उघडलंच नाही! नेट नसेल तर माझा क्लास वाया. शिवाय वापर वाढला की डिजिटल अरेस्टवाल्यांचे, म्हणजे खोटे पोलीस बनून अटकेची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांचे फोनही येणार, म्हणून माझ्याकडे पहिला धडा यूपीआयचा नसतो, कॉल कट कर आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लाव हा असतो. केरळने २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात अक्षय हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला तेव्हा प्रत्येक घरातलं एक माणूस शिकवायचं ठरवलं, शिकायला केंद्रंही तिथेच वस्तीत काढली. आपल्याकडे पीएमजीदिशा ही केंद्राची डिजिटल साक्षरता योजना आली ती फक्त ग्रामीण भागासाठी, धारावी-गोवंडी त्यात कुठे बसणार होती?

चाळकरी: ताई, सराव लागतो हे मान्य. मग निदान असं करा, बचत गटातल्या दोन बायकांना मानधन देऊन अभ्यासिकेत बसवा, वायफाय त्याच खोलीत.

खुली_खिडकी: अभ्यासिका रात्री बंद झाल्यावर? शिफ्ट करून साडेदहाला घरी येणाऱ्या पोराने कुठे बसायचं ते सांगा आधी. वस्तीत सिग्नल पाहिजेच.