पुण्यातली गाडी ९० च्या पुढे थरथरते, काय काय तपासू?

प्रेषक: सभासद, मेलबर्न (सध्या मुक्काम कोथरूड)

नमस्कार मंडळी,

आईबाबांकडे आलेय, इथे आमची एक पेट्रोल हॅचबॅक आहे, वर्षातले बरेच महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभीच असते, बाबा फार तर भाजी आणायला मंडईपर्यंत नेतात. गावात काही म्हणजे काही जाणवत नाही. पण एक्सप्रेसवेला लागलं की ८५-९० ला स्टिअरिंग थरथरायला लागतं, ९५ च्या आसपास हाताला अक्षरशः झिणझिण्या येतात, लोणावळ्यापर्यंत तसंच. गॅरेजवाल्याने चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) करून दिलं, तरी तेच. आता तो म्हणतो दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे दांडे) बदला, सस्पेन्शन पण खोलून बघू. आईला घेऊन ठाण्याला मावशीकडे जायचंय आणि मला या गाडीतून तिला न्यायची भीती वाटतेय. कुणी सांगेल का काय करू?

प्रेषक: सभासद, जीलाँग

अगं अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं) करून घे दुसरीकडून, पुण्यातले खड्डे बघता तेच असणार.

प्रेषक: सभासद, चिंचवड (पूर्वी मेलबर्न)

अगं थांब, शाफ्टला एवढ्यात हात लावू देऊ नकोस. परत आल्यापासून मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो आणि अशाच तक्रारी बघायचो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अलाइनमेंटचं. ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खातो, पण नुसत्या त्याने स्टिअरिंग असं थरथरत नाही. करून घ्यायला हरकत नाही, पण तुझं दुखणं ते नाही.

पहिल्यांदा शोधायचं ते हे की थरथर कशाबरोबर बदलते. सकाळी लवकर जा, उर्से टोलनाका सोडला की लोणावळ्याच्या अलीकडे जो सपाट पट्टा आहे तिथे बघ, घाटात असले प्रयोग करायचे नाहीत, तिथे मर्यादा तशीही ६० ची आहे. बाबांना शेजारी बसव म्हणजे तुझं लक्ष रस्त्यावर राहील आणि ते सांगतील सीट हलतेय की फक्त स्टिअरिंग. ९५ ला पाचव्यात आहेस ना, चौथा टाक आणि वेग तोच ठेव. इंजिन जास्त फिरायला लागेल. थरथर होती तशीच राहिली तर इंजिन आणि त्याची माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार) यादीतून गेली. मग एक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचल, न्यूट्रल वगैरे करायचं नाही. पाय उचलला की थांबते आणि दाबला की परत येते असं असेल तर शाफ्टच्या आतल्या जॉइंटवर संशय घ्यायला जागा आहे, आणि पाय उचलूनही काही फरक नाही तर मग शाफ्ट बदलून पैसे कशाला घालवायचे, दोष चाकातच. फक्त ब्रेक मारताना येत असेल तर ब्रेकची डिस्क. स्टिअरिंगला जास्त जाणवतं म्हणजे बहुधा पुढची चाकं, सीटला आणि फ्लोअरला जाणवतं म्हणजे मागची. आणि एक्सप्रेसवे काँक्रीटचा आहे, त्याच्या सांध्यांवरून जाताना जो टक टक आवाज येतो तो वेगळा, त्याच्यात गोंधळ करू नकोस, जमलं तर एखाद्या डांबरी रस्त्यावरही बघ.

आता ९५ लाच का, गावात का नाही. तुमच्या गाडीला १८५/६५ आर १५ सारख्या मापाचा टायर असेल तर त्याचा परीघ साधारण १.९५ मीटर. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १४ फेऱ्या मारतं. टायर, रिम आणि सस्पेन्शन मिळून जी जोडी असते तिचा स्वतःचा हेलकावा सेकंदाला १० ते १५ च्या घरात असतो, आणि नेमका तोच ताल चाकाच्या फेऱ्यांशी जुळला की थोडासा दोष पण कितीतरी पटीने जाणवतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की कसा वर जातो, तसंच. सिग्नलला थांबत थांबत ४० ने गेलीस तर चाक सेकंदाला पाच-सहाच फेऱ्या मारतं, कळणार कसं.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून नीट वाच: बॅलन्स झालेलं चाक गोल असेलच असं नाही. बॅलन्सिंगचं मशीन वजन बघतं, आकार नाही बघत. टायर अंडाकृती झालेला असला किंवा आतला पट्टा सुटून ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागावर) टेकाड आलं असलं तरी मशीन शिसं लावून शून्य दाखवतं, आणि रस्त्यावर गाडीचं वजन त्या चाकावर आलं की ते दर फेरीला उसळतंच. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी, त्यात हवा कमी, मग टायरला खाली चपटेपणा येतो. थोडा असेल तर वीस-पंचवीस मिनिटं चालवून टायर गरम झाला की जातो. तुझा जात नाहीये ना, लोणावळ्यापर्यंत तसाच, म्हणून मला जरा जास्त काळजी वाटते.

तर गॅरेजमध्ये स्वतः उभी राहा. चाक मशीनवर चढवलं की सगळ्यात आधी रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल खरवडायला सांग, जुनी वेटं (बॅलन्ससाठी लावलेली वजनं) काढायला सांग (खूप ठिकाणी जुन्यावरच नवी चिकटवतात). मग चाक फिरत असताना ट्रेडच्या जवळ खडू किंवा पेन एका जागी धरून ठेवायला लाव आणि मधल्या फटीकडे बघ. फट दीड मिलिमीटरपेक्षा जास्त कमीजास्त होत असेल तर ते चाक नको. रिमची कड पण तशीच बघ, आतली कड विशेषकरून, खड्ड्यात तीच वाकते आणि बाहेरून दिसत नाही. बॅलन्स झाल्यावर चाक सैल करून मशीनवर अर्धा फेरा फिरवून परत घट्ट करायला सांग, तरी शून्याच्या आसपासच आलं पाहिजे, नाही आलं तर चाक मधोमध बसलेलं नव्हतं. गाडीला बसवताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) गंज वायर ब्रशने काढायचा आणि नट समोरासमोरचे घेत टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. हवेच्या गनने एका दमात मारू देऊ नकोस.

आणि हा बिनपैशाचा प्रयोग: पुढची दोन्ही चाकं मागे, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगवरून सीटला गेली की चोर कुठल्या जोडीत आहे ते कळलं. पण हे करायच्या आधी चारही टायरवर हात फिरव, आतल्या बाजूनेसुद्धा, कुठेही फुगवटा लागला तर गाडी हायवेला न्यायचीच नाही, प्रयोगालाही नाही. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, डॉट (DOT) लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघ, पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

प्रेषक: सभासद, मेलबर्न (सध्या मुक्काम कोथरूड)

काका, कसे आभार मानू. तुम्ही सांगितलंत तसंच आधी हात फिरवला. पुढच्या डाव्या टायरला ट्रेडच्या आतल्या कडेला तळहाताएवढं टेकाड हाताला लागलं, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. कोड १११६, म्हणजे २०१६ चा अकरावा आठवडा! बाबा म्हणत होते अगं टायरच्या नक्षीची बटणं बघ किती आहेत, टायर नवाच आहे. खरंच आहेत, पळालाच नाही तर झिजणार कसा, पण आतून म्हातारा झालाय. हायवेला नेलीच नाही, हळूहळू नाना पेठेत नेली, तिथल्या माणसाने मशीनवर लावून फिरवला तर पेन धरायची पण गरज पडली नाही, उड्या नुसत्या. बाबांनी बघितलं आणि काही न बोलता नव्या टायरचे भाव विचारायला लागले. चारही एकाच वयाचे आहेत, दोन बदलू की चार?

प्रेषक: सभासद, चिंचवड (पूर्वी मेलबर्न)

चारही बदल. बाकीचे तीन त्याच उन्हात त्याच पार्किंगमध्ये उभे होते. स्टेपनीचा कोड पण बघ, ती बहुतेक तेवढीच जुनी असेल. हवेचा आकडा दुकानदाराला विचारू नकोस, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे तो बघ, आणि तू परत गेल्यावर बाबांना म्हणावं पंधरवड्यातून एकदा तरी देहूरोडपर्यंत चक्कर मारून आणा, मंडई पुरत नाही. नवे टायर बसले की आईला न्यायच्या आधी एकदा एकटी लोणावळ्यापर्यंत जाऊन ये आणि ९५ ला काय होतं ते इथे लिही.

आणि तो टेकाडवाला टायर दुकानात तसाच सोडू नकोस, तुझ्यासमोर त्याच्या साइडवॉलला कट मारून घे, नाहीतर कुणाच्यातरी टॅक्सीला जाऊन लागेल.