बाल्ड नॉबर्स एवढे बिघडले कसे?

सायली_क:
अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या टेनी काउंटीच्या बाल्ड नॉबर्स या टोळीबद्दल वाचतेय. सिव्हिल वॉरनंतर तिकडे खून पडायचे आणि ज्यूरी आरोपींना सोडून द्यायची, म्हणून १८८५ मध्ये लोकांनी ही टोळी काढून स्वतःच बंदोबस्त करायचं ठरवलं, इथवर पटतं. पण चारच वर्षांत बाल्ड नॉबर्सच फासावर? नक्की बिनसलं कुठे?

माळरान:
माझ्या मते पहिल्याच महिन्यात. एप्रिल १८८५ मध्ये टोळीचा म्होरक्या नॅट किनीने स्नॅप्स बाल्ड या बोडक्या टेकडीवर सभा घेतली, शपथा झाल्या, आणि लगेच फोर्सिथ गावचा तुरुंग फोडून फ्रँक आणि ट्युबल टेलर या भावांना ओढून नेऊन झाडाला लटकवलं. त्यांनी एका दुकानदारावर आणि त्याच्या बायकोवर गोळ्या झाडल्या होत्या हे खरं, पण ते दोघं वाचले होते आणि टेलर बंधू ऑलरेडी अटकेत होते! खटला तरी उभा राहू द्यायचा ना.

दिगंत७:
त्यांचा संताप मात्र खोटा नव्हता हो. जिम एव्हरेटला गोळी घालणारा अल लेटन १८८४ मध्ये निर्दोष सुटला, तेव्हा गावातल्यांनी कुणाकडे बघायचं? पण पुढे प्रकार असा झाला की जो नको असेल त्याच्या दारात रात्री काठ्यांची जुडी टाकायची, म्हणजे समजून घे आणि काउंटी सोड, आणि नको असलेला कोण हे ठरवणारेही हेच. विरोधकांनी शेवटी राज्य सरकारकडे धाव घेतली, १८८६ मध्ये अ‍ॅडज्युटंट जनरल (राज्याच्या सैन्यदलाचा प्रमुख) आला आणि टोळी अधिकृतपणे बरखास्त झाली.

सायली_क:
मग फाशी कुणाला झाली?

माळरान:
शेजारच्या ख्रिश्चन काउंटीतल्या बाल्ड नॉबर्स टोळीला, म्होरक्या डेव्ह वॉकर. हे लोक शिंगं लावलेले काळे मुखवटे घालायचे, आणि खुनी सोडाच, दारू पिणाऱ्यांनाही फटके द्यायचे. मार्च १८८७ मध्ये एका घरात घुसून विल्यम ईडन्स आणि चार्ल्स ग्रीन यांना मारलं, तिथे सगळं संपलं. १० मे १८८९ ला ओझार्क गावात डेव्ह, त्याचा कोवळा मुलगा विल्यम आणि जॉन मॅथ्यूज यांना फाशी दिली, तीही इतकी वाईट की विल्यमला पुन्हा लटकवावं लागलं. किनी त्याआधीच गेला होता, ऑगस्ट १८८८ मध्ये बिली माइल्सने त्याला गोळ्या घातल्या.