घरी बांधलेल्या सेव्हन-धर्तीच्या गाडीचे नाक आणि बॉनेट बदलायचे आहे: कापून वाढवावे की नवा साचा करावा?

सह्यवारा, कॉव्हेंट्री

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि घराच्या गॅरेजमध्ये लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन आसनांची उघडी गाडी बांधत आहे. चौकोनी पोलादी नळ्यांची चॅसिस वेल्ड करून झाली आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून घेतले असून गाडी आता स्वतःच्या चाकांवर उभी आहे. बाजूचे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून बसवले आहेत. नाक मात्र तयार फायबरचे विकत आणले आहे, आणि पुढचे सगळे काम तिथेच अडले आहे.

इंजिनाचे वरचे झाकण बॉनेटच्या रेषेच्या सुमारे ३५ मि.मी. वर येते, त्यामुळे बॉनेटवर फुगवटा करण्यावाचून गत्यंतर नाही. रेडिएटरही माझदाचाच असल्याने तो नाकाच्या तोंडापेक्षा बराच रुंद आहे, म्हणून तोंड रुंद करावे असा विचार आहे. शिवाय हेडलाइट दांड्यांवर उभे न ठेवता नाकाच्या दोन्ही गालांत बसवावेत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. मडगार्डांसह गाडीची रुंदी १६२० मि.मी. आहे आणि नाक सर्वांत रुंद जागी ५६० मि.मी. आहे.

तयार नाक कापून वाढवावे, की स्वतःचा नमुना घडवून त्यावरून साचा काढावा? फुगवटा ॲल्युमिनियमचा ठोकून घ्यावा की फायबरचा करावा? गाडी शेवटी आयव्हीए चाचणीला (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी इथे द्यावी लागणारी सरकारी तपासणी) न्यायची आहे, तेव्हा बॉडीतील कोणते बदल तिथे अडतात, हेही जाणकारांनी सांगावे.

गोदाकाठ, लेस्टर

सह्यवारा, नाकाला हात लावण्यापूर्वी हेडलाइटचा निर्णय घ्या, कारण तुमच्याच मापांवरून तो बेत बसत नाही. डिप्ड बीमच्या (खाली झुकलेल्या झोताच्या) दिव्याची बाहेरची कड गाडीच्या सर्वांत बाहेरच्या बाजूपासून ४०० मि.मी. पेक्षा जास्त आत चालत नाही. तुमच्या गाडीची अर्धी रुंदी ८१० मि.मी., म्हणजे दिव्याची बाहेरची कड मध्यरेषेपासून निदान ४१० मि.मी. दूर हवी, तुमचे नाक मध्यरेषेपासून २८० मि.मी. वरच संपते. दिव्याचा खालचा काठ जमिनीपासून ५०० मि.मी. पेक्षा खाली असून चालत नाही, आणि सेव्हनचे नाक पुढे उतरत जात असल्याने तिथेही तुम्ही अडचणीत याल. दांडी नकोच असेल, तर पुढची लांब मडगार्डे घेऊन त्यांत दिवे बसवता येतात, कारण ती चॅसिसला पक्की असतात. चाकासोबत वळणाऱ्या छोट्या मडगार्डांवर दिवा बसवता येत नाही, हे उघडच आहे.

कडांच्या बाबतीत परीक्षक फार बारकाईने पाहतात आणि ते योग्यच आहे, कारण पादचारी किंवा सायकलस्वार गाडीला घासला तर त्याला इजा होऊ नये हा त्यामागचा हेतू आहे. १०० मि.मी. व्यासाचा गोळा बाहेरून जिथे जिथे टेकू शकतो, तिथल्या कठीण कडेला किमान २.५ मि.मी. त्रिज्येची गोलाई हवी. फुगवट्याचे पुढचे तोंड, मडगार्डांचे काठ, नाकाच्या तोंडाची कड, उघड्या सस्पेन्शनचे बोल्ट हे सगळे यात येते. मऊ रबराची पट्टी काठावर पक्की बसवली तर ती चालते. पण नवा साचा करणारच असाल, तर तोंडाची कड आतल्या बाजूला चांगली वळवून घ्या. तसे केले तर पट्टी लागत नाही, कड मजबूत होते आणि गाडी कितीतरी सुबक दिसते.

साचेकार, कोल्हापूर

मी गेली अनेक वर्षे फायबरचे साचे करतो. त्यात टाक्या आणि केबिनचे काम जास्त असले तरी गाड्यांच्या बॉडीचे कामही केले आहे. माझे स्पष्ट मत असे की तोंड रुंद करायचे असेल तर तयार नाक कापून त्यालाच नमुना करा, त्यावरून साचा काढा आणि गाडीवर साच्यातून निघालेले नवे नाक बसवा. कापून जोडलेले नाक थेट रंगवून गाडीवर चढवले, तर सुरुवातीला ते उत्तम दिसते. पुढे उन्हाची आणि इंजिनाची उष्णता लागली की पुट्टी आणि जुने फायबर वेगवेगळे हलतात आणि सांध्याची रेघ रंगातून वर येते. गडद रंगात तर ती लवकर दिसते.

पद्धत अशी. नाक मधोमध उभे कापा आणि दोन्ही भाग हव्या त्या रुंदीवर, गाडीच्याच चॅसिसवर, लाकडी पट्ट्यांनी स्थिर करा. बाकावर ठेवून जोडू नका, कारण बॉनेटला मिळणारी मागची कमान तिथे बिघडते आणि मग बॉनेटची फट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक राहते. मधली जागा फोमने भरताना तो पॉलियुरेथेनचाच घ्या. थर्माकोल पॉलिएस्टर रेझिनने (फायबरचे धागे बांधून घट्ट होणाऱ्या द्रव्याने) विरघळून जातो. जोडाच्या दोन्ही बाजूंना निदान दोन इंच जेलकोट (फायबरवरचा रेझिनचा गुळगुळीत बाहेरचा थर) घासून खालचे फायबर उघडे करा. घासण्याआधी ॲसिटोनने पुसायला विसरू नका. साच्यातून आलेले मेण तसेच राहिले, तर घासताना ते आत रगडले जाते आणि वरचा थर पुढे सुटतो.

खरा वेळ जातो तो नमुन्याच्या पृष्ठभागात. साचा नमुन्यावरचा प्रत्येक ओरखडा उचलतो. पुट्टी, लांब फळीला लावलेला पॉलिश पेपर, जाड प्रायमर आणि पुन्हा घासणे, हे चक्र नळीच्या दिव्याचे प्रतिबिंब पृष्ठभागावर कुठेही न लचकता सरळ धावेपर्यंत चालू ठेवावे लागते. गोलाईवर हाताने घासू नका. बोटांच्या दाबाने लाटा पडतात, आणि त्या चमकदार रंग मारल्यावरच दिसतात. डावी-उजवी बाजू सारखी आहे की नाही, हे पुठ्ठ्याचा अर्धा छाप काढून तो उलटून दुसऱ्या बाजूला लावून पाहा.

तोंडाची कड आत वळवणार असाल तर एकसंध साच्यातून नाक सुटणार नाही, म्हणून साचा दोन तुकड्यांचा करा आणि मधल्या पाळीला बोल्ट घाला. साच्याचा जेलकोट काळा किंवा हिरवा घ्या, म्हणजे त्यावर पांढरा जेलकोट मारताना कुठे पातळ पडला ते लगेच दिसते. साचा नाकाच्या दुप्पट जाड ठेवा, पण सगळे थर एका दमात चढवू नका. एकाच वेळी तापून आवळला तर साचा वाकतो. नाकासाठी जेलकोट, त्यावर ३०० ग्रॅमची एक आणि ४५० ग्रॅमच्या दोन मॅट (काचेच्या धाग्यांच्या चादरी, वजन दर चौरस मीटरचे) एवढे पुरते. जाडी साधारण अडीच-तीन मि.मी. येते. पहिल्या मॅटखाली हवेचा एकही बुडबुडा ठेवू नका. तोंडाच्या वळणावर मॅट टेकत नसेल, तर तिचे छोटे तुकडे फाडून लावा.

फुगवट्याबद्दल: सपाट किंवा एका दिशेने वाकलेल्या भागाला पत्रा आणि दोन दिशांनी वळलेल्या भागाला फायबर, हा साधा हिशेब आहे. खुद्द लोटसने १९६० च्या दुसऱ्या मालिकेपासून सेव्हनचे नाक आणि मडगार्डे फायबरची केली, ती याच सोयीसाठी. बॉनेट ॲल्युमिनियमचेच ठेवा आणि फायबरचा फुगवटा लवचीक पॉलियुरेथेन चिकटद्रव्य व रिव्हेट वापरून बसवा. पॉलिएस्टर रेझिन ॲल्युमिनियमला नीट धरत नाही.

पवनचक्की, पुणे

साचेकारांच्या उत्तरात भर घालण्यासारखे फारसे नाही, पण तोंड रुंद करण्याच्या मूळ कारणाकडेच मला लक्ष वेधायचे आहे. रेडिएटर थंड राहणे हे पुढच्या तोंडाच्या आकारापेक्षा, आत शिरलेली हवा रेडिएटरमधूनच जाते का आणि पुढे बाहेर कशी पडते, यावर अधिक अवलंबून असते. तोंड रेडिएटरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असले तरी सहसा भागते. मात्र तोंडापासून रेडिएटरपर्यंत हळूहळू रुंदावणारा बंदिस्त मार्ग हवा आणि कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवलेल्या हव्यात. फट राहिली की हवा सोपी वाट धरते आणि रेडिएटरला वळसा घालून निघून जाते.

उलट, तोंड मोठे केले आणि निकास तेवढाच ठेवला, तर इंजिनाच्या कप्प्यात दाब साचतो आणि वेगात बॉनेट उचलले जाऊ लागते. म्हणून तेवढीच मेहनत बॉनेटच्या बाजूंना झडपांसारख्या खाचा पाडण्यावर करा. त्या खाचा रेडिएटरच्या लगेच मागे असाव्यात. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी बाहेरच हवेचा दाब जास्त असल्याने तिथे पाडलेल्या खाचेतून हवा उलटी आत येते. शंका असेल तर बॉनेटवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवा आणि शेजारच्या गाडीतून चित्रण करा. ज्या जागी धागे उलटे फिरतात किंवा थरथरतात तिथे निकास ठेवू नका. हे अर्थात गाडी रस्त्यावर आल्यानंतरचे काम आहे, म्हणून आधी कागदी नमुन्यावर जागा आखून ठेवा.

आणखी एक सुचवतो. अशा गाड्या बांधणारे अनेक जण फोक्सवॅगन पोलोचा छोटा रेडिएटर वापरतात. तो बसला, तर नाक कापण्याची गरजच उरणार नाही.

मुळाकाठ, पिंपरी

चर्चा वाचून हेवा वाटला. असे काम इथे करून गाडी रस्त्यावर चालवता येईल का?

पवनचक्की, पुणे

रस्त्यासाठी मार्ग फार अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. घरी बांधलेल्या एकट्या गाडीसाठी इंग्लंडसारखी सुटसुटीत चाचणी आपल्याकडे नाही. बंदिस्त ट्रॅकवरच चालवायची गाडी असेल तर हात मोकळे आहेत.

सह्यवारा, कॉव्हेंट्री

सर्वांचे मनापासून आभार. दिव्यांचा हिशेब मी कधीच मांडून पाहिला नव्हता. आता लांब मडगार्डे घेऊन दिवे त्यांत बसवायचे ठरवतो. पोलोच्या रेडिएटरची मापे घेतली, तो सध्याच्या तोंडामागे बसतो आहे, त्यामुळे नाक रुंद करणार नाही. फुगवटा आणि मडगार्डांतील दिव्यांची घरे मात्र साच्यातूनच काढीन. साचेकारसाहेब, एक शंका आहे: इथे गॅरेजमध्ये हिवाळ्यात जेमतेम आठ-दहा अंश तापमान असते. हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) वाढवून काम भागेल का?

साचेकार, कोल्हापूर

नाही. हार्डनर रेझिनच्या एक ते दोन टक्केच ठेवा; त्याहून वाढवला तर थर ठिसूळ होतो, आणि एक टक्क्याच्या खाली गेला तर तो कधीच पूर्ण मुरत नाही. तापमान १५ अंशांच्या वर न्या आणि रेझिन व साचा दोन्ही आदल्या रात्रीपासून उबदार खोलीत ठेवा. उघड्या ज्योतीचा हीटर चालणार नाही, कारण रेझिनची वाफ पेट घेते. तुमच्याकडे बहुधा कोबाल्ट (रेझिन मुरण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधीच मिसळलेले रेझिन मिळेल. वेगळे मिळाले तर कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घाला. ती दोन द्रव्ये थेट एकमेकांत कधीही ओतू नका, त्याचा स्फोट होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण हार्डनरचा एक थेंबही बुबुळ जाळतो, आणि तोंडावर साधे कापड न बांधता वाफ शोषणारा मुखवटा वापरा.

दिव्याच्या घराचा नमुना करताना दिव्याची खरी कडी आत बसवून पाहा आणि भोवती फायबरच्या जाडीएवढी जागा सोडा. भाग साच्यातून लगेच ओढू नका. जितका जास्त काळ आत मुरेल तितके मॅटचे धागे वरून कमी दिसतील.