मदत हवी आहे: मॉक ड्राफ्टमध्ये बेंचसाठी खेळाडू कसा निवडायचा?

मित्रांमध्ये एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मॉक ड्राफ्ट, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा लुटुपुटीचा खेळ, चाललाय, माझी टीम टायटलसाठी खेळणारी आहे आणि पिक (निवडायचा नंबर) 28 वा, त्यामुळे स्टार नकोय, प्लेऑफमध्ये 12-15 मिनिटं डिफेन्समध्ये न फसता खेळेल असा विंग (बाजूने खेळणारा, मधल्या उंचीचा खेळाडू) हवाय, तोही पहिल्याच सीझनला. डोळ्यासमोर डेन्व्हर टीमचा ख्रिश्चन ब्राउन आहे, 2022 ला 21 वा पिक, कॅन्ससमध्ये तीन वर्षं खेळून आलेला आणि रुकी (पहिल्या सीझनचा) असताना फायनल्सच्या तिसऱ्या मॅचला 15 पॉइंट्स, काय खेळला होता राव! पण त्याच डेन्व्हरने 2023 ला जेलन पिकेट आणि हंटर टायसन असे सिनियरही (कॉलेज पूर्ण खेळून आलेले) घेतले, आणि 2024 च्या प्लेऑफमध्ये त्यांना फारशी संधीच मिळाली नाही. म्हणजे नुसता अनुभव बघून भागत नाही.

आतापर्यंत फ्री थ्रो टक्केवारी, थ्री पॉइंटचे अटेम्प्ट्स (कॉलेजची लाइन जवळ असते म्हणून नुसत्या टक्क्यांवर माझा भरवसा नाही) आणि स्टील्स-ब्लॉक्स बघून झालंय. पूर्ण मॅचेस मिळत नाहीत, फक्त बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) आणि हायलाइट्स आहेत. पिक ट्रेड करायला परवानगी नाही.

तर एवढ्याच माहितीवरून, कॉलेजमध्ये बॉल सतत हातात असलेला पोरगा एनबीएत छोट्या रोलमध्ये बसेल का, हे कोणत्या आकड्यांवरून ओळखता तुम्ही?