ट्यूब शेवटपर्यंत पिळायला साधं साधन सुचवा (संधिवाताचे हात, बजेट २०० रुपये, ठाणे)

मीनल_नौपाडा
आईच्या बोटांना संधिवात आहे, अंगठ्याच्या मुळाशी सगळ्यात जास्त दुखतं. टूथपेस्ट आणि गुडघ्याला लावायचं जेल, दोन्ही ट्यूबा अर्ध्या झाल्या की तिला पिळता येत नाहीत. मी पिळून देते म्हटलं तर "माझं मी करीन". नवी काढ म्हटलं तर "आत एवढं आहे, टाकायचं का?" आणि तिचं बरोबर आहे, आत खरंच बरंच असतं.

अटी अशा: २०० रुपयांच्या आत. भाड्याचं घर आहे, टाइलला भोक पाडता येणार नाही. सेल किंवा चार्जिंगचं काही नको. ठाण्यात दुकानात हातात घेऊन बघता आलं तर उत्तम, कारण तिला जमतंय का ते तिथेच कळेल. कोणी वापरलं असेल तर सांगा.

घोडबंदरकर
भिंतीवरचा डिस्पेन्सर घ्या आणि विषय संपवा. ट्यूबचं तोंड वर खोचायचं, ब्रश खालून आत ढकलला की पेस्ट ब्रशवर येते. बोटांना कामच नाही. चिकटपट्टीने लागतो, भोक नको. आमच्या दोन्ही बाथरूममध्ये आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा कुठून आणला म्हणून विचारतो. साधारण ७०० रुपये. आईसाठी ५०० जास्त गेले तर काय बिघडलं?

अण्णा_कोपरी
विकत कशाला घ्यायचं? ट्यूब ओट्यावर आडवी ठेवायची, कंगव्याची पाठ शेपटाकडून तोंडाकडे दाबत न्यायची. झालं. आमच्या घरी आयुष्यभर हेच चाललं. पूर्वीच्या धातूच्या ट्यूबा एकदा दुमडल्या की दुमडलेल्याच राहायच्या. आताच्या सोडल्या की परत फुगतात, म्हणून ही यंत्रं विकायची सोय झाली आहे.

सीवूड्सची_सई
सरकती क्लिप घ्या. प्लॅस्टिकची पट्टी असते, मधे फट. शेपटाकडून घालायची आणि पेस्ट संपेल तशी पुढे सरकवायची. चार-पाचचा संच १०० ते १५० रुपयांत मिळतो. मला छोट्या ट्यूबना मस्त चालली. मोठ्या फॅमिली पॅकला मात्र फट कमी पडली, जोर लावला तर क्लिप मधोमध तुटली आणि पट्टीची कड तळहाताला लागली. पैसे परत मागितले तर विक्रेता म्हणे "वापरलेला माल घेत नाही". न वापरता तुटेल कशी, हे त्याने सांगितलं नाही.

रंगरेषा_कळवा
तैलरंग वापरणाऱ्याला विचारा ट्यूब पिळणं काय असतं ते. पांढरा सगळ्यात आधी संपतो आणि चांगल्या रंगाच्या ट्यूबेत शेवटी राहिलेला भागही फुकट घालवण्यासारखा नसतो. माझ्याकडे धातूचा पिळणा आहे. दोन खाचेदार रूळ, बाजूला फिरवायची मूठ. ट्यूब मधे धरली की कागदासारखी चपटी होऊन बाहेर येते. अ‍ॅल्युमिनियम, प्लॅस्टिक, काहीही घाला. बराच महाग आहे, २००० च्या पुढे, पण नातवंडं वापरतील. स्वस्तातलं प्लॅस्टिक घेऊन वर्षाला एक फेकण्यापेक्षा हे घ्या.

घोडबंदरकर
रंगरेषा, बाई टूथपेस्टसाठी विचारतायत, स्टुडिओ टाकत नाहीयेत.

रंगरेषा_कळवा
आणि तुम्ही २०० च्या बजेटवर ७०० चं सांगितलंत.

मीनल_नौपाडा
बजेट २०० आहे, पुन्हा लिहिते. आणि जेलचाही प्रश्न आहे. डिस्पेन्सरमध्ये टूथपेस्ट जाईल, गुडघ्याचं जेल कसं जाईल?

ट्यूब_कारखाना_वाशिंद
मी ट्यूब बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. अण्णा म्हणतात ते खरं आहे, फक्त कारण वेगळं आहे. अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब म्हणजे निव्वळ पातळ धातू, दाबली की तो आकार धरून ठेवते. हल्लीच्या टूथपेस्टची ट्यूब बहुतेक लॅमिनेटची असते, म्हणजे प्लॅस्टिकच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, किंवा तोही नसलेलं निव्वळ प्लॅस्टिक. प्लॅस्टिक मूळ आकाराकडे परत जायला बघतं. सोडलं की फुगतं, तोंडातून हवा आत ओढतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही आधी ती हवाच पिळता. त्यामुळे लॅमिनेटसाठी साधन निवडताना एकच बघा: पुढे ढकललेली पेस्ट ते मागे येऊ देतं का? कंगवा पुढे ढकलतो पण धरून ठेवत नाही. क्लिप आणि चावी (शेपूट फटीत घालून गुंडाळत न्यायची ती) धरून ठेवतात.

दुसरं, माप. सईंची क्लिप तुटली ती याच कारणाने. ट्यूबचा व्यास ३५ मिमी असेल तर चपटी झाल्यावर रुंदी जवळजवळ ५५ मिमी होते, ३८ असेल तर ६० च्या आसपास. व्यास गुणिले ३.१४, भागिले २. किंवा सरळ ट्यूबच्या चिकटवलेल्या शेपटावर पट्टी ठेवा, तीच रुंदी. फट त्याहून ५ मिमी तरी जास्त हवी. पाकिटावर "सर्व ट्यूबसाठी" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका.

रंगरेषांसाठी: दुमडणारी धातूची ट्यूब मुळात चित्रकारांसाठीच आली. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टूथपेस्ट ट्यूबेत नंतर आली, कोलगेटची १८९६ मध्ये.

वाशी_सेक्टर९
कारखान्यातले आहात तर एक सांगा. शेपटावर जी रंगीत चौकट असते, हिरवी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे सगळं केमिकल, ते खरं ना? आम्ही बघूनच घेतो.

ट्यूब_कारखाना_वाशिंद
खरं नाही. ती यंत्रासाठीची खूण आहे. भरताना सेन्सर ती चौकट वाचतो आणि ट्यूब फिरवून बरोबर जागी थांबवतो, म्हणजे छापील बाजू समोर येते आणि शेपूट योग्य ठिकाणी चिकटतं. छपाईत ठळक दिसेल तो रंग घेतात. आत काय आहे ते घटकांच्या यादीत वाचा.

वाशी_सेक्टर९
पण आमच्या ग्रुपवर एका डॉक्टरांचा मेसेज होता.

ट्यूब_कारखाना_वाशिंद
ती चौकट सेन्सरसाठी असते. एकाच पेस्टच्या दोन आकारांवर दोन वेगळे रंगही दिसतील. घरातल्या ट्यूबा शेजारी ठेवून बघा.

कोपरखैरणे_कट्टा
सरकती क्लिप घ्या. १००-१५० ला संच मिळतो.

सीवूड्सची_सई
हेच मी वर लिहिलं आहे.

नेरूळ_ओटी
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हातांच्या रुग्णांबरोबर रोज काम करते. इथे सगळे पेस्ट कशी वाचेल याचा विचार करतायत, आणि मूळ प्रश्न आईंच्या अंगठ्याचा आहे. चिमटीत धरून जोर लावला की अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर त्याच्या कितीतरी पट दाब येतो. म्हणून सरकती क्लिप चिमटीने ओढायची असेल तर दुखेल. बारीक कानाची फिरवायची चावी तर त्याहून वाईट, तिच्यात चिमूट आणि पीळ दोन्ही आलं.

दाब तळव्याने द्यावा. ट्यूब टेबलावर, वर लाटणं, आणि दोन्ही तळहातांनी लाटणं पुढे. बोटं मोकळी. अण्णांच्या कंगव्यापेक्षा लाटणं बरं, धरायला जाड आहे. पुढे ढकललेली पेस्ट धरून ठेवायला शेपूट दुमडून मोठा कपड्यांचा चिमटा लावा, तो मीनलताईंनी लावून दिला तरी चालेल.

आणि टोपण! पिळण्याइतकाच त्रास ते फिरवून उघडण्यात होतो, पण कोणी विचारत नाही. उघडझापीचं टोपण असलेली ट्यूब घ्या. ते नसेल तर टोपणावर जाड रबरबँडचे दोन-तीन वेढे द्या, पकड येते आणि कमी आवळावं लागतं.

अण्णा_कोपरी
लाटणं पोळ्यांचं असतं. आमच्याकडे कोणी ट्यूबवर फिरवू देणार नाही.

नेरूळ_ओटी
वेगळं ठेवा. पापडाचं छोटं लाटणं ५० रुपयांत मिळतं.

फार्मसी_ऐरोली
जेलबद्दल मी लिहितो. वेदनाशामक जेल अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबेत असेल तर करकचून घडी घालू नका. त्याच जागी पुन्हा पुन्हा घडी पडली की धातूला चीर जाते, आतलं लेपन फाटतं आणि जेल मधूनच झिरपतं. सैल गुंडाळत आणा. काढून डबीत भरू नका, बॅच आणि मुदत दोन्ही ट्यूबवर असतात आणि ट्यूब गेली की ती माहितीही गेली.

डोळ्यांचं मलम असेल तर शेवटचं काढायला ट्यूब कापणं अजिबात नको. ते निर्जंतुक असतं, उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी उरलेलं टाकायचंच असतं. टूथपेस्ट कापली तर कापा, पण कापलेली ट्यूब बाथरूममध्ये उघडी ठेवू नका.

वाशी_सेक्टर९
यापेक्षा दंतमंजन वापरा. ट्यूबच नको, पिळणंच नको. आमच्या आजोबांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते.

घोडबंदरकर
पुन्हा सांगतो, डिस्पेन्सरला यातला एकही त्रास नाही.

कळवा_नाका_ताई
आहे की. आमच्याकडे होता. आत रबरी पडदा असतो, ब्रश ढकलला की तो पेस्ट ओढतो. पेस्ट त्या खोबणीत वाळते, दर आठवड्याला काढून धुवावा लागतो, आणि तो काढायलाच बोटांत ताकद लागते. गिझरच्या वाफेने चिकटपट्टी सुटली आणि एके रात्री सगळं खाली. शिवाय एका ढकलण्यात येते ती पेस्ट मोठ्या माणसालाही जास्त होते, वाटाण्याएवढी पुरते. लहान मुलं तर तीन-तीनदा ढकलतात.

घोडबंदरकर
टाइल आधी स्पिरिटने पुसून कोरडी केली होती का? आमचा अजून घट्ट आहे.

कळवा_नाका_ताई
पुसली होती.

मीनल_नौपाडा
सगळ्यांचे मनापासून आभार. वाशिंदच्या दादांमुळे आधी माप घेतलं: पेस्टचं शेपूट ५५ मिमी, जेलचं ३५. मग आईला घेऊन गोखले रोड आणि जांभळी नाका दोन्हीकडे फिरले आणि प्रत्येक वस्तू तिच्या हातात दिली.

क्लिप तिला सरकवता आली नाही. लाटणं घरी करून बघितलं, पेस्ट छान पुढे आली, पण सकाळी बेसिनपाशी उभं राहून ते जमत नाही आणि दरवेळी टेबलापर्यंत यायला ती तयार नाही. डिस्पेन्सर तिने दुरूनच नाकारला. तिने घेतली ती धातूची फिरवायची चावी, जी घेऊ नका असं इथे सांगितलं होतं. ४० रुपये. शेपूट फटीत घालून गुंडाळायची, वर धरायला कडं.

मी नको म्हणत होते. घरी येऊन तिने त्या कड्यात मोडलेल्या झाऱ्याची दांडी आडवी घातली, तिला जुन्या साडीची पट्टी गुंडाळली आणि दांडी पूर्ण मुठीत धरून फिरवली. चिमूट कुठेच नाही. ट्यूबचं तोंड बेसिनच्या कडेला टेकवते, म्हणजे दुसऱ्या हाताने फक्त अडवायचं असतं. चावी शेपटावर तशीच राहते, त्यामुळे पेस्ट मागेही येत नाही. जेलसाठी तशीच लहान चावी घेतली, ती सैलच फिरवायची हे तिला सांगितलं आहे.

नेरूळ_ओटी
दांडीमुळे तरफ मिळाली आणि अंगठा सुटला, छान केलं त्यांनी. तरीही माझं मत चिमटा-लाटण्याचंच आहे. आता फक्त मनगटाकडे लक्ष ठेवा. एका वेळी अर्धा वेढाच फिरवू दे, आणि सांध्याला सूज असेल त्या दिवशी तुम्ही फिरवून द्या.

मीनल_नौपाडा
अर्ध्या वेढ्याचं सांगते. मी फिरवून देण्याचं ती ऐकणार नाही.

रंगरेषा_कळवा
चावी पातळ पत्र्याची असेल तर वाकेल. तेव्हा माझा पिळणा आठवा.

कोपरखैरणे_कट्टा
चावी कुठे मिळाली? दुकान सांगा.

मीनल_नौपाडा
जांभळी नाक्याला, किरकोळ हार्डवेअर आणि घरगुती वस्तू ठेवणारं छोटं दुकान आहे तिथे. प्लॅस्टिकच्याही होत्या, त्यांना दांडी घालायला कडं नाही, त्या घेऊ नका. जाताना ट्यूब बरोबर न्या आणि दुकानातच शेपूट फटीत घालून बघा. दोन आकार होते, ५५ मिमीला मोठीच लागते.